ओतून आणलेली मूठ

आमच्या एरंडोलच्या घराला पुढचं दार एकच, आणि तेही एकफळी. जाड सागाचं, कोणा पणजोबानं करून घेतलेलं. पण त्याचा खालचा खुंटा झिजला होता आणि दार स्वतःच्या वजनानं बोटभर खाली बसलं होतं. त्यामुळे बाहेरून आत यायचं तर नुसतं ढकलून भागत नसे. लोखंडी कडी मुठीत धरायची, दार वर उचलायचं, मग आत लोटायचं. घरातल्यांच्या हाताला ते इतकं बसलं होतं की दार उचलण्याच्या आवाजावरून कोण आलं ते मला चुलीपाशी बसून कळायचं. आबा, म्हणजे माझे वडील, एका हिसक्यात उचलायचे. फुई, म्हणजे त्यांची थोरली विधवा बहीण, आधी दाराला दोन शब्द सुनवायची आणि मग उचलायची. माझा थोरला भाऊ दोन वेळा चुकायचा. माय आली की आवाजच येत नसे. ती मागं येऊन उभी राहिली की कळायचं. पाहुणे मात्र बाहेर झटापट करत राहायचे आणि आम्ही आत हसत असू. आता जळगावात नातवाच्या घरी दाराला बोट लावलं की ते उघडतं. चांगलं आहे. पण कोण आलं ते मान वळवून बघावं लागतं.

तर ती कडी. इतक्या वर्षांच्या हातांनी ती झिजून बांगडीएवढी बारीक झाली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, पंधरा-वीस दिवस होते. आबा शेतातून आले, बरोबर दोन पाहुणे, आणि नेहमीच्या हिसक्यानं दार उचलायला गेले तर कडी तुटून हातात आली आणि आबा धोतरासकट मागं अंगणात बसले. पाहुण्यांना हसावं की उठवावं कळेना. मी ओट्यावर शेंगा फोडत होते. मी हसले, आणि फुईनं माझ्या पाठीत एक ठेवून दिली.

"सण तोंडवर उना नि दारनी कडी तुटनी," फुई म्हणाली. "हाई काय बरं शे?"

"तुटनी ते तुटनी," आबा धूळ झटकत म्हणाले. "नवी करी लेऊत."

आम्ही घरात असंच अहिराणीत बोलायचो. मी शाळेत गेलेली नाही; अक्षरं मला पुढं माझ्या मुलांच्या पाट्यांवरून आली, आणि ती पुस्तकी मराठीत आली. म्हणून लिहिते एका भाषेत आणि आठवतं दुसऱ्या. जिथं जुनी वाक्यं कानात तशीच आहेत तिथं ती तशीच ठेवते.

आबांनी दोंडाईच्याला कापसाच्या कामानं गेले असताना एका व्यापाऱ्याच्या दाराला पितळी मूठ पाहिली होती, हत्तीच्या सोंडेसारखी वाकवलेली. ती त्यांच्या मनातून जात नव्हती. तशीच हवी, असं त्यांनी करीमचाचाला जाऊन सांगितलं. करीमचाचा ओतारी. अंजनी नदीच्या काठाकडं उतरताना त्याचं घर आणि घरासमोरच भट्टी. गावातल्या बैलांच्या घंटा, देवळांतल्या समया, सगळं त्याच्या हातचं. त्याची एक रीत होती. पितळ तो स्वतःचं वापरत नसे. घरातली मोड आणा म्हणायचा, फुटकी भांडी, तुटक्या पळ्या, आणि घरचं कोणीतरी समोर बसल्याशिवाय भट्टी पेटवायचा नाही. "माल तुमचा, डोळेबी तुमचेच पाहिजेत," म्हणायचा. "मागून कोणी म्हणायला नको, करीमनं आमचं चांगलं काढून घेतलं नि हलकं घातलं."

मोड मायनं गोळा केली. माळ्यावरची पाटी खाली काढली. त्यात बुड गेलेला पाण्याचा तांब्या होता, दांडी नसलेली पळी, समईचं एक पान, माझ्या जन्माआधी फुटलेली घंटा. मोठी भांडी मुशीत, पितळ वितळवायच्या भांड्यात, मावत नाहीत, चेचून आणा, असं चाचानं सांगितलं होतं. मायनं परसात दगडावर तांब्या ठेवला आणि मुसळीनं चेचला. मी बाजूला बसून बघत होते. तांब्या पहिल्या पाच-सहा ठोक्यांतच चपटा झाला होता, तरी ती मारत राहिली. मला वाटलं, आज मायला जोर चढला आहे. ती अंगानं बारीक, बोलायला त्याहून कमी. फाल्गुनात आमचा सहा महिन्यांचा भाऊ तापानं गेला होता. त्याच्या आधी दोन वर्षांपूर्वी एक गेला होता. तेव्हापासून ती कामात जास्त आणि बोलण्यात कमी असायची. लोक म्हणत, सावरली बिचारी.

डोळे म्हणून मी आणि माय गेलो. एरवी अशा कामाला भाऊ गेला असता, पण माय म्हणाली मीच जाते, आणि मायनं कधी काही मागितलेलं नव्हतं म्हणून आबांनाही नाही म्हणता आलं नाही. भट्टीवर चाचाची बायको भाता ओढत होती. ओढता ओढता तिनं मला गूळ-फुटाणे दिले आणि माझ्या मायला विचारलं, सून कशी आहे. "गुणाची शे," माय म्हणाली. मातीची मूस निखाऱ्यांत लाल झाली, चाचानं चिमट्यानं एकेक तुकडा आत सोडला. चपटा तांब्या शेवटी गेला. तो हळूहळू मऊ पडला, वाकला, आणि त्याच्या घडीतून काहीतरी पांढरं लखकन चमकलं.

"आत पांढरं काय व्हतं, बहन?" चाचानं विचारलं.

"कल्हई असेल," माय म्हणाली.

"पाण्याच्या तांब्याला कल्हई?" चाचा हसला. "शेठ लोक झालात की."

माय हसली नाही. ती मुशीकडं बघत होती. त्या आचेत मला डोळे उघडे ठेवता येत नव्हते आणि तिची पापणी हलत नव्हती. रस साच्यात ओतला तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, चल.

मूठ सुरेख झाली. चाचानं घासून तिला सोन्यासारखी केली आणि सुतारानं दोन खिळे आरपार घालून ती दारावर बसवली. खुंटा मात्र याही वर्षी राहिलाच, त्यामुळे दार उचलणं चालूच होतं. पण आता ते सोंडेला धरून. आबा दिवसातून चार वेळा उगाच बाहेर जाऊन आत यायचे. फुई पदरानं मूठ पुसायची. वहिनी मला हळूच म्हणाली, "चंद्रे, मामंजींनी दाराला नवरी आणली की काय?" वहिनी फैजपूरकडची. तिची बोली वेगळी, आम्ही 'शे' म्हणायचो तिथं ती 'हाये' म्हणायची, 'माले'च्या जागी 'मले'. फुई तिच्या बोलण्याची नक्कल करायची आणि वहिनी खाली मान घालून ऐकून घ्यायची, पण मग माझ्यापाशी येऊन फुईची नक्कल करायची, आणि ती इतकी हुबेहूब की मला तोंडात बोळा कोंबावा लागे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्या घरात मला हसवणारं दुसरं माणूस नव्हतं. ही गोष्ट तिची आहे, म्हणून हे सांगून ठेवते.

आता अक्काबद्दल सांगायला हवं. आमच्या देवांच्या फळीवर एक लाकडी डबी होती, झाकणाची. तिच्यात अक्का असायची. अक्का म्हणजे चांदीचा टाक, रुपयाएवढा, वर बाईचा चेहरा उठवलेला. डबी रोज कोणी उघडत नसे. माय रोज जेवणाआधी भाकरीचा पहिला घास तिच्यासमोर ठेवायची, हात जोडायची, मग आम्हाला वाढायची. नवं लुगडं आलं तर आधी अक्काच्या डबीला लावून मग मायच्या अंगावर. वर्षातून एकदा, आखाजीला पितरांची घागर भरतात तेव्हा, डबी उघडून टाक चिंचेनं घासायचा आणि घागरीपुढं ठेवायचा. इतकी वर्षं घासून घासून चेहरा पार गेला होता. मी पाहिला तेव्हा नाकाच्या जागी एक उंचवटा उरला होता. मला वाटायचं अक्का ही कोणी देवी आहे. नदीच्या आसरा असतात, शिवेवरची मरीआई असते, तशी ही आमच्या घरची. घरात काही वाईट झालं की फुई म्हणायची, अक्का रागावली. आणि मी झोपताना अक्काला नमस्कार करायचे, रागावू नको म्हणून.

आखाजीला दोन दिवस असताना देव घासायला काढले. माय म्हणाली, "राहू द्या, मी करस."

"घरमा सून उनी तरी तूच घासशी का?" फुई म्हणाली. "तिले बी शिकू दे."

माय चुलीकडं वळली. वहिनी चिंच आणि राख घेऊन परसात बसली. मी तिच्याजवळ. बाळकृष्ण झाला, अन्नपूर्णा झाली, मग तिनं डबी उघडली आणि माझ्याकडं पाहिलं. डबी रिकामी होती. आत कुंकवाची वाळलेली खपली होती, बस.

मी बरीच मरणं पाहिली, दोनदा नदीला पूर आलेला पाहिला, पण घर असं दगड झालेलं पाहिलं नाही. फुईनं डबी हातात घेतली, उपडी केली, झटकली, पुन्हा बघितली. जातं थांबलं. आबांना शेतातून बोलावणं गेलं. मोरीची माती उकरली, राख चाळणीनं चाळली, शेणाचा उकिरडासुद्धा काठीनं उपसला. मी फळीखाली पालथी पडून शोधत होते आणि वर फुईचा आवाज चालू होता.

"कथा गया टाक? डबी तुनाच हातमा व्हती ना?"

"म्या डबी उघडली तं रिकामीच भेटली, देवाच्यान," वहिनी म्हणत होती. "चंद्रीले पुसा."

"ती पोर शे. तिले काय पुसू? तुन्ही सासूना जीव गया त्या टाकमा. ज्या बाईनं तुन्हा नवराले जनम दिना तिले तू हरवी बसनी."

मी फळीखालून बाहेर आले. मला वाटलं फुई रागाच्या भरात काही वेडंवाकडं बोलली. भाऊला जन्म मायनं दिला होता. मी फुईला तसं म्हटलंसुद्धा. तेव्हा फुई माझ्याकडं वळली आणि भर घरात, राखेचे हात हलवत, एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. अक्का ही आबांची पहिली बायको. भाऊ दोन वर्षांचा असताना गेली. मग आबांनी मायशी लग्न केलं. दुसरी बायको आली की पहिलीचा टाक करतात, दुसरीनं तिला थोरली म्हणून मान द्यायचा, आधी तिला घास, आधी तिला लुगडं. नाही दिलं तर ती दुसरीचं पोरबाळ टिकू देत नाही. हे सगळ्या गावाला माहीत होतं. भाऊला माहीत होतं. घरात मलाच तेवढं नव्हतं, आणि मी अकरा वर्षांची होते.

त्याचा धक्का मला आजही नीट सांगता येत नाही. भाऊ अर्धा माझा नाही, हे मला कळलंच नाही त्या वेळी. तो माझाच होता. मला कळलं ते एवढंच, की मी ज्या देवीला रोज रागावू नको म्हणत होते ती एक मेलेली बाई होती, आणि माझी माय रोज तिच्या आधी जेवायची नाही. मी मायकडं बघितलं. ती चुलीशी पाठमोरी उभी होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा भाऊ तिला आखाजीला माहेरी न्यायला आला. आमच्याकडं आखाजी म्हणजे लेकींचा सण. झाडाला झोके, गाणी, आमरस, सासरी कितीही काम असो लेक माहेरी जायचीच. बिचारा हसत आला. म्हसावद ठेसनापासून दमणी करून आला होता, बैलांच्या शिंगांना रंग, हातात करंड्यात केळी. आल्या आल्या त्यानं पाहिलं की कोणी त्याला पाणी विचारत नाही. फुईनं वहिनीची पत्र्याची पेटी अंगणात आणली आणि त्याच्यासमोर उघडली.

"काय झालं, मामी?" तो म्हणाला.

"काही नही. चांदीना टाक हरपना शे. दखी लेऊ दे, माहेरी जाई ऱ्हायना का काय."

लुगडी एकेक करून जमिनीवर आली. चोळ्या आल्या. एका चोळीत बांधलेला गजरा निघाला, कधीचा वाळलेला, भाऊनं दिलेला असणार. भाऊ ओट्यावर खांबाला टेकून उभा होता, त्यानं तोंड फिरवलं. वहिनीच्या भावाच्या हातातला करंडा तसाच हातात. टाक काही निघाला नाही. तो निघायचाच नव्हता.

आबा अंगणात पुढं आले. मग म्हणाले, "ली जा हिले. टाक सापडना की निरोप धाडसू."

हे वाक्य ऐकायला साधं आहे. पण आमच्याच गल्लीतली एक सून अशीच निरोपाच्या बोलीवर माहेरी गेली होती, आणि तिची पोरगी आता माझ्याएवढी झाली होती. निरोप कधी गेला नाही. वहिनीलाही ते समजलं. ती रडली नाही. तिचं तोंड असं झालं की जणू कोणी तिच्या अंगावर गार पाणी टाकलं आहे आणि तिला अजून ओलं लागलेलं नाही.

मी धावत आत गेले. चुलीवर पुरणाची डाळ शिजून गुळासकट आटत आली होती आणि माय परातीत मांड्यांची कणीक तिंबत होती. सण थांबत नाही. पितरांना पुरण लागतंच. मी तिच्यासमोर बसले. मला काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. तोंडातून निघालं ते असं:

"माय, पाण्याच्या तांब्याले कल्हई नसते ना?"

तिचे हात थांबले. मी तिच्याकडं बघत होते आणि ती माझ्याकडं, आणि मला त्या क्षणी मुसळीचे ते जास्तीचे ठोके ऐकू आले, सगळे. मला वाटलं आता ती मला मारेल. तिनं मारावं असंही वाटलं, म्हणजे ते खोटं ठरलं असतं. पण ती उठली. हात न धुता, कणकेच्या हातांनीच ती बाहेर चालू लागली. मी तिच्यामागं. अंगणात कुत्रं घोटाळत होतं, ते पुरणाला तोंड लावेल म्हणून मी बाहेर पडताना दार ओढून घेतलं. अशा वेळी माणूस असलं काहीतरी करतं.

माय अंगणाच्या मधोमध, त्या लुगड्यांच्या ढिगापाशी जाऊन उभी राहिली.

"पोरले नका धाडू," ती म्हणाली. "टाक मीच दिना. तांब्यामा घालीसन चेचा नि करीमचाचाना मुशीमा टाका."

तिनंच टाक तांब्यात घालून चेचला आणि मुशीत टाकला, असं ती सांगत होती, आणि कोणालाही कळलं नाही. खरंच सांगते, पाच मोठी माणसं तिथं होती आणि कोणालाही त्या वाक्याचा अर्थ लागला नाही. फुई म्हणाली, "काय बोली ऱ्हायनी व?" मग आबांची नजर हळूच दाराकडं गेली, त्या सोंडेकडं. मग फुईची. फुईनं ज्या पदरानं ती मूठ दहा दिवस पुसली होती तो पदर हातातून सोडून दिला आणि ती होती तिथं जमिनीवर बसली.

माय बोलत होती. तिला इतकं सलग बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. आवाज चढवला नाही. म्हणाली, बारा वर्षांची या घरात आले तेव्हापासून तिला आधी घास दिला, एक दिवस चुकले नाही. बाळंतपणात दुसऱ्याच्या हातून दिला. पहिला पोरगा गेला तेव्हा तुम्ही म्हणालात अक्कानं नेला. दुसरा गेला तेव्हाही म्हणालात, अक्कानं नेला. "मी तिले काय कमी करं? आसं करनारी ती व्हती ते माले ती नको. नि ती तशी नव्हती, ते तुम्ही मन्हा पोरेसना खून तिना माथे मारा." मग जरा थांबून ती वहिनीकडं वळली. "हातले समजनं नही आसं मी म्हनाव नही. समजनं व्हतं. कालदिन बोलाले पाहिजे व्हतं. भ्यायनू."

घाबरले, एवढंच. हाताला कळलं नाही असं म्हणणार नाही, कळलं होतं. कालच बोलायला हवं होतं, पण घाबरले.

मला वाटलं आबा हात उगारतील. भाऊ ओट्यावरून खाली उतरला. त्याची आई होती ती, त्या मुशीत गेलेली. तो मायसमोर येऊन उभा राहिला, तिच्यापेक्षा हातभर उंच, आणि त्यानं विचारलं:

"माय, तू नवा दखेल शे ना टाक? चेहरा कसा व्हता तिना?"

मायचं तोंड पहिल्यांदा हललं. तिनं आबांकडं पाहिलं. आबा म्हणाले, "मरू दे ते आता." पण ती भाऊला फसवू शकत नव्हती.

"नथ मोठी व्हती," ती म्हणाली. "पन तो तिना चेहरा नव्हता, बापू. सोनारकडे तयार टाक ऱ्हातस. त्यामाईन एक तुन्हा बापनी उचली आना. ती कशी दिसे ते तेसलेच इचार."

मला वाटतं त्या दिवशीचा खरा घाव हा होता. टाक वितळला यापेक्षा मोठा. फुईनं आबांकडं बघितलं. तिलाही हे नवं होतं. ज्या चेहऱ्याला वीस वर्षं घास दिला, लुगडी दिली, ज्याच्या नावानं दोन पोरं गेली, तो कोणाचाच नव्हता. सोनाराच्या डब्यातला कोणताही एक. आबा खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. भाऊ त्यांच्याकडं बघत होता, विचारत नव्हता, नुसता बघत होता. शेवटी आबा म्हणाले, "गोरी व्हती. दात जरा पुढे." बस. तेवढी अक्का त्या घरात पहिल्यांदा आली.

मग वहिनी बोलली. तिला सगळे विसरलेच होते.

"पेटी भरून द्या," ती म्हणाली.

माय खाली वाकली आणि लुगडं उचलायला गेली. वहिनीनं तिचा हात धरला. "तुम्ही नाही, सासूबाई. तुमचे हात कणकेचे हायेत. ज्यांनी उघडली त्यांनी भरावी."

फुईनं आबांकडं पाहिलं. आबांनी तिच्याकडं पाहिलं नाही. ती पुढं सरकली आणि एकेक लुगडं झटकून, घडी घालून पेटीत ठेवू लागली. चोळीतला वाळका गजरासुद्धा तिनं पुन्हा चोळीत बांधला. वहिनी वर उभी राहून शेवटच्या घडीपर्यंत बघत होती. पेटी दमणीत चढली. मग ती भाऊला म्हणाली, सगळ्यांसमोर, नवऱ्याशी कोणी असं बोलत नसे तेव्हा, "आखाजी झाली की न्याले या. तुम्हीच या. निरोप नका धाडू."

"चौथे रोजे येस," भाऊ म्हणाला.

ती कोणाच्याही पाया न पडता गाडीत चढली. मायच्याही नाही. मायनं तिला एक दिवस बोल खाऊ दिले होते, आणि ते वहिनीनं कधी पूर्ण सोडलं असं मला वाटत नाही, पुढं दोघी एका चुलीवर तीस वर्षं रांधत होत्या तरी. पण भाऊ चौथ्या दिवशी गेला आणि तिला घेऊन आला.

दमणी गल्लीच्या टोकाला वळली. आम्ही अंगणात तसेच. आबा, फुई, भाऊ, माय आणि मी. दार मी लावून घेतलेलं, आणि आत जायचं तर ती मूठ हातात धरून उचलल्याशिवाय मार्ग नव्हता. आबा दोन पावलं गेले आणि थांबले. फुईनं हात पदराखाली घेतले. भाऊ त्या पितळेकडं असं बघत होता की त्याला हात लावायला सांगणं पाप झालं असतं. मला पळून जावंसं वाटत होतं. त्यात आतून वास यायला लागला, गूळ करपल्याचा.

माय पुढं झाली. तिनं दोन्ही हातांनी मूठ धरली, कणीक लागलेल्याच हातांनी, आणि दार वर उचललं. या वेळी आवाज झाला, चांगला मोठा.

"अक्का, सरक जराशी," ती म्हणाली. "मन्हं पुरन लागी ऱ्हायनं."